डब्याच्या तळाशी

१

डबा उघडला आणि अंजली हसली. समोर दिसतंय ते खरं वाटत नसलं की माणूस आधी हसतो, हे तिच्या सासूबाईंनी, लीलाबाईंनी, नागपुरात आयुष्यभर पोरांना शिकवताना पाहिलं होतं. न सुटणारं गणित बघून पोरं अशीच हसायची. मग रडायची.

अंजली रडली नाही. तिनं डबा तिरका करून सगळ्यांना दाखवला. पसरट, स्टीलचा, झाकणावर 'सौ. विनीता' असं कोरलेला. आत असायला हवी होती मलमलीची गुंडाळी, आणि त्या गुंडाळीत तिच्या पेटीच्या पितळी रीड. आत होते तांदळाचे चार-पाच दाणे.

"विनीता, तुम्ही कुठं उचलून ठेवल्यात का?"

"मी कशाला हात लावू? डबा तेवढा माझा. तूच मागून घेतला होतास," विनीता म्हणाली.

सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या या पॉश काँडोतल्या फ्लॅटमधली ही मागची खोली सुबोधनं अंजलीला सरावासाठी दिली होती. तिच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये भाता हलला की शेजारी भिंत ठोकायचे. सुबोध म्हणजे विनीताचा नवरा, पुण्याचा, आयटीत मॅनेजर, पेटीचा वेडा आणि अंजलीचा शिष्य. त्यानंही डब्यात डोकावून पाहिलं.

"तांदूळ ओल धरतात. म्हणून ठेवले असतील," तो म्हणाला.

त्या रीड अंजलीनं कित्येक वर्षं कानस घेऊन एकेक घासल्या होत्या. साध्या पेटीत जे सूर सापडत नाहीत, ते त्यांतून निघायचे. सिंगापूरच्या दमट हवेत पितळ बिघडू नये म्हणून कार्यक्रम नसला की ती त्या काढून ठेवायची. सोमवारी तांजोंग पगारच्या एका छोट्या सभागृहात निवड समिती तिचं वादन ऐकणार होती. असामान्य गुणवत्तेच्या लोकांना कायमचं राहू देतात, त्या वर्गातला तिचा अर्ज होता. साधी पेटी वाजवणारे हजारो असतात. त्या रीडशिवाय अंजलीही त्या हजारांतलीच एक.

"पोलिसांत जाऊ," सुबोध म्हणाला.

"नको. सोमवारच्या आधी माझ्या नावाभोवती कसलीच भानगड नको." मग ती विनीताकडे वळली आणि जे बोलायला नको होतं ते बोलली. "तुमचा अर्ज नामंजूर झाला होता ना याच वर्गात?"

विनीताचा चेहरा दगडासारखा झाला.

"अंजली, पुरे," लीलाबाई म्हणाल्या. "मला रविवारपर्यंत वेळ दे. तोवर कुणी कुणाला काही म्हणायचं नाही."

त्यांनी डबा हातात घेतला. ते दाणे त्यांना ओळखीचे वाटले. का, ते मात्र त्यांना उमगेना.

२

"जान्हवी, इकडं ये. एक कोडं घालते."

नात शाळेचा युनिफॉर्म न बदलताच शेजारी येऊन बसली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली बसून आजीनं कोडं घालायचं आणि नातीनं सोडवायचं, हा दोघींचा रोजचा खेळ.

"तांदूळ ओल धरतात. खरं की खोटं?"

"खरं. पप्पाचा फोन पाण्यात पडला, तेव्हा राइसमध्ये ठेवला होता."

"किती राइस?"

"फुल बाउल!"

"आणि चार दाणे ठेवले असते तर?"

जान्हवीनं आजीची कीव केल्यासारखा चेहरा केला आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "फोर ग्रेन्स? कॅनॉट लाह, आजी. युसलेस."

"शाब्बास."

अंजली सोफ्यावरून म्हणाली, "आणि मी तांदूळ ठेवतच नाही, आई. भुसा रीडमध्ये अडकतो. मी त्या छोट्या पुड्या ठेवते, औषधाच्या बाटलीत असतात तसल्या. त्याही गेल्या."

म्हणजे तांदूळ चोरानं टाकले. सरावाच्या खोलीत तांदूळ नव्हते. म्हणजे डबा त्या खोलीतून एखाद्या स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि परत जागेवर आला. तो परत का ठेवला, तेही सरळ होतं. डबा जागेवर दिसला की कुणी उघडून बघणार नाही. सापडेल तेव्हा उशीर झालेला असेल.

बुधवारच्या सरावात अंजलीनं रीड पाहिल्या होत्या. त्यानंतर त्या खोलीत गेले चौघं. घरचे दोघे, सुबोध आणि विनीता. तबल्याला साथ करणारा विवेक, जो बुधवारी होता आणि विसरलेली हातोडी न्यायला गुरुवारी पुन्हा आला. आणि नागसेन, लीलाबाईंचा लेक. तो बुधवारी बायकोला घ्यायला गेला आणि गुरुवारी पेटीची ट्रॉली ठेवून आला. त्याचं ऑफिस तिथंच, जुरोंग ईस्टला.

नागसेन आला तो टायही न सोडता बायकोजवळ बसला. "अंजू, सुबोधच असेल गं. त्यानं त्या रीड विकत मागितल्या होत्या ना? तू नाही म्हणालीस."

"पुरावा?" लीलाबाईंनी विचारलं.

"पुरावा कसला, आई. त्या लोकांना आपलं वर गेलेलं बघवत नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "नाहीतर अर्ज मागं घेऊ. मी मेल टाकतो. अर्ज मीच भरला होता, मला माहीत आहे कुठं कळवायचं ते."

अंजली उठून आत गेली. लीलाबाई लेकाकडं बघत राहिल्या. या घरातलं सगळंच त्याच्या नोकरीच्या पासावर, इथं राहायच्या परवान्यावर, उभं होतं. त्याची नोकरी आहे तोवर त्यांचाही पास, तोवरच जान्हवीची कोडी. आणि यंदा त्याच्या कंपनीत माणसं कमी होत होती. सोमवार नीट गेला असता, तर ही भीती संपली असती.

३

शनिवारी सकाळी चिवड्याचे दोन डबे घेऊन लीलाबाई निघाल्या. सुबोधच्या घराची बेल वाजवून वाट बघताना त्यांनी स्वतःशीच कबूल केलं, की चोर याच घरात सापडावा असं त्यांना वाटत होतं. मागं एकदा याच दारात सुबोध हसत म्हणाला होता, "काकू, असामान्य गुणवत्तेत कोटा नसतो बरं का!" त्यांनी ते गिळलं होतं. पचलं नव्हतं.

"या काकू. झडती घ्यायला आलात का?" विनीतानं विचारलं.

"चिवडा द्यायला आलेय. आणि जरा ऐकायला."

विनीता बोलायचं थांबेचना. ती कथ्थक करायची. याच वर्गात तिनं अर्ज केला होता आणि कौशल्य चांगलं आहे, असामान्य नाही, असं उत्तर आलं होतं. "चांगलं आहे! आपण शाळेतल्या मुलांच्या वहीवर लिहितो ना, तसं. मी रडले, काकू. पण अंजलीच्या रीड चोरून मला कोण काय देणार आहे? उलट ती गेली तर या खोलीत पेटी कोण वाजवणार? हे?"

सुबोध दारातूनच म्हणाला, "मी विकत मागितल्या, ते खरं. ती भारतात परत गेली असती, तर निदान सूर तरी इथं राहिले असते. चोरल्या असत्या तर वाजवल्या कुठं असत्या? पहिल्या सुरालाच सगळे ओळखतील."

हे मात्र बिनतोड होतं. या रीड ज्याला हव्यात, त्याला त्या चोरून उपयोगच नाही. म्हणजे त्या कुणालाच नको होत्या. त्या फक्त अंजलीकडं असायला नको होत्या.

लीलाबाई उठल्या. "डबा मोकळा करून देतेस का, विनीता?"

विनीतानं चिवडा बरणीत ओतला, डबा पुसला आणि झाकण लावू लागली.

"अगं, साखर घाल की," सुबोध म्हणाला. "रिकामा काय देतेस?"

"रागात विसरले." विनीतानं चमचाभर साखर टाकली. "भांडण असलं तरी रिकामा डबा नाही देत हो आम्ही."

लीलाबाईंचा हात डब्यावर तसाच राहिला. काल ते दाणे ओळखीचे का वाटले होते, ते आज त्यांना कळलं. तळाशी चार दाणे. ते ओल धरण्यासाठी नव्हते. कुणीतरी विनीताचा डबा विनीताच्या घरी परत करत होतं.

४

विवेक भेटला तो त्याच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, 'कोपी'च्या, म्हणजे कॉफीच्या, कपासमोर. पोरगेला, दाढी वाढलेला, बोटांना पट्ट्या गुंडाळलेला.

"माझ्यावर संशय आहे ना, मावशी? येणारच. मी दोन्ही दिवस गेलो होतो."

"राग आहे का तुला तिचा?"

"आहे की." त्यानं लपवलं नाही. "सोमवारी तासभर मी वाजवणार, आणि समिती तिला ऐकणार. तबल्यावर कोण होतं हे कुणी विचारणारसुद्धा नाही. तिला कायमचा मुक्काम, आणि मी दर वर्षी पासासाठी हातापाया पडायचं. पण ती राहिली तर मला साथीचं काम तरी राहील. ती गेली तर मी काय खाऊ?"

"सध्या चिवडा खा. आणि डबा दे मोकळा करून. घाई आहे मला."

घाई नव्हती. लीलाबाई फक्त त्याचे हात बघत होत्या. विवेकनं चिवडा एका प्लास्टिकच्या पिशवीत ओतला, तळाशी राहिलेले दाणे तोंडात टाकले आणि तेलकट डबा तसाच पुढं सरकवला.

"असा रिकामा देतोस होय रे?"

"म्हणजे? धुवायला हवा होता का?" तो ओशाळला. "सॉरी मावशी. हॉस्टेलमध्ये वाढलो. आमच्याकडं डबे फक्त हरवायचे."

लीलाबाईंना हसू आलं, आणि लगेच विरलं. विवेकच्या हाताला ही सवयच नव्हती. सुबोध-विनीताच्या घरात साखर घालतात. अंजलीसुद्धा तिच्या माहेरच्या रीतीनं गुळाचा खडा ठेवते.

तांदूळ कोण घालतं?

पासिर रिसपर्यंतचा रस्ता ट्रेननं बराच लांब होता. लीलाबाईंनी तो मांडीवर दोन डबे धरून काढला. एकात चमचाभर साखर, दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्या माणसाची परीक्षा घ्यायला त्यांना कुठं जावं लागणार नव्हतं. आपलं उत्तर चुकावं, अशी इच्छा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झाली.

५

रविवारी ब्लॉकच्या खाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत, त्यांचा मराठीचा वर्ग असायचा. त्या दिवशी त्यांनी पोरांना लवकर सोडलं. जान्हवी मैत्रिणींबरोबर खालीच राहिली. अंजली आतल्या खोलीत साध्या पेटीवर सोमवारची तयारी करत होती. सूर बरोबर होते, पण तिचे नव्हते.

ओट्यावर फातिमा आंटींचा डबा होता. समोरच्या घरातल्या या मलय बाईंनी त्यातून नारळाची मिठाई पाठवली होती. लीलाबाईंनी तो धुऊन, पुसून ठेवला. शेजारी, अगदी हाताशी, साखरेची बरणी ठेवली. झाकणही सैल केलं. तांदळाचा डबा खाली होता, कपाटात, दाराआड.

"नागसेन, आंटींचा डबा देऊन ये रे."

"हो आई." तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता. एका हातानं त्यानं डबा उचलला.

साखर घाल, लीलाबाई मनात म्हणाल्या. नाहीतर रिकामा ने. काहीही कर.

नागसेननं फोन कान आणि खांद्यात धरला. वाकला. कपाट उघडलं. तांदळाच्या डब्यात बोटं घातली आणि चार-पाच दाणे आंटींच्या डब्यात टाकून झाकण लावलं. बोलणं मध्ये थांबलंसुद्धा नाही. हे त्याच्या डोक्यानं नव्हतं केलं, हातानं केलं होतं.

नागपूरच्या वस्तीतल्या त्या घरात साखर पाहुण्यांच्या चहापुरती असायची. शेजारच्या घरून काही आलं की भांडं परत द्यायला लहानगा नागसेन पळायचा, आणि लीलाबाई ओरडायच्या, "रिकामं नेऊ नकोस! साखर नसली तर चार तांदूळ टाक. आपण काही देत नाही असं कुणी म्हणू नये." पोरगा शिकला, परदेशात आला, टाय लावू लागला. हात मात्र तोच राहिला.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या.

६

"रीड कुठं आहेत?"

"कुठल्या रीड, आई? मला काय—"

"वर्गात मी एकदाच विचारते, नागसेन."

त्यानं हातातल्या डब्याकडं पाहिलं, मग आईकडं. झाकण उघडलं. तळाशी पाहिलं. मग तो हळूच खुर्चीत बसला.

"ऑफिसात. माझ्या खणात. फेकणार होतो, फेकवल्या नाहीत. बुधवारी अख्खा डबाच बॅगेत टाकला. घरी आणून रिकामा केला आणि गुरुवारी ठेवून आलो."

"काहून?"

नागपूरचा तो शब्द ऐकून त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. पण बोलला ते मोठ्या माणसाचं होतं.

"किती वेळा अर्ज केला मी? या देशाला पूल पाहिजेत, बोगदे पाहिजेत, ते आम्ही बांधून दिले. दरवेळी एका ओळीत नकार. आणि हिनं पेटी वाजवली की ही असामान्य! अर्ज मी भरला, आई. 'असामान्य गुणवत्ता' हे शब्द मी माझ्या हातानं टाईप केले. खाली अवलंबून असलेल्या व्यक्तींचा रकाना होता. त्यात आधी जान्हवी लिहिली. मग स्वतःचं नाव लिहिलं."

"मुलीच्या खाली."

"मुलीच्या खाली."

आतली पेटी चालूच होती. लीलाबाईंना त्याची दया आली, आणि दया आली म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

नागसेन पुढं झुकला. आवाज खाली आणला. "उद्या पहाटे मी त्या सुबोधच्या घरी नेऊन ठेवतो. ट्रॉलीच्या निमित्तानं जाईन, सोफ्याखाली सारीन. तिला रीड मिळतील, सोमवार होईल. कुणाचं काही जाणार नाही."

"आणि सुबोधचं नाव?"

"ते काय आपलं भलं चिंतणारे आहेत? तूच म्हणाली होतीस, कोट्याचं बोलला म्हणून."

लीलाबाईंना हवा होता तसाच चोर त्यांचा लेक त्यांना तयार करून देत होता.

"विचार कर, आई. तिला कळलं तर ती मला ठेवणार नाही. माझी नोकरी या वर्षी टिकत नाही, मला माहीत आहे. तुझा पास माझ्या पासावर आहे. मी गेलो की तूही जाणार. जान्हवीला कोण कोडी घालेल?"

खालून जान्हवीचा आवाज वर येत होता. कुणाला तरी ती ठणकावून सांगत होती, "नॉट लाइक दॅट लाह! माझ्या आजीनं शिकवलंय!"

लीलाबाई उठल्या. गुडघे धरून, सावकाश. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि दार उघडलं.

"अंजली, भाता बंद कर पोरी. बाहेर ये. नागसेनला तुला काहीतरी सांगायचं आहे."

मागं वळून त्या लेकाला म्हणाल्या, "उभा राहून सांग."

७

त्याच संध्याकाळी नागसेन ऑफिसातून गुंडाळी घेऊन आला. अंजलीनं ती त्याच्या हातातून घेतली नाही, टेबलावर ठेवायला सांगितली. सोमवारी तिनं वाजवलं. तबल्यावर विवेक होता. समितीतल्या एका म्हाताऱ्या चिनी बाईंनी तोच सूर पुन्हा ऐकायला मागितला म्हणे. लीलाबाई सभागृहात गेल्या नव्हत्या.

अंजली विनीताची माफी मागायला गेली. विनीतानं लोखंडी जाळीचं दार उघडलंच नाही. जाळीतूनच म्हणाली, "चालायचंच." तिथली सरावाची पेटी दुसऱ्या दिवशी सुबोधनं टॅक्सीनं घरी पाठवली.

मंजुरी आली तेव्हा तिच्यावर दोन नावं होती, अंजलीचं आणि जान्हवीचं. तिसरं अंजलीनं आधीच काढायला लावलं होतं. नागसेनच्या कंपनीनं त्याचा करार वाढवला नाही. त्याचा पास संपला, त्याबरोबर आईचाही.

विमानतळावर अंजली आली होती, जान्हवीसाठी. ती लीलाबाईंच्या पाया पडली. काही क्षण तसंच वाकून राहिली, आणि लीलाबाईंना वाटलं, ही काहीतरी बोलेल. पिशवीतून तिनं एक स्टीलचा डबा काढला. झाकणावर 'लीला' असं कोरलेला. पहिल्यांदा या देशात येताना लीलाबाईंनी त्यातून सुनेसाठी तिळाचे लाडू आणले होते. तेव्हापासून तो तिच्या स्वयंपाकघरात होता.

"तुमचा डबा राहिला होता, आई."

डबा हलका होता. लीलाबाईंनी झाकण उघडलं. घासून लख्ख केलेला, कोरडा. तळाशी त्यांचाच चेहरा दिसत होता.

जान्हवीनं टाचा उंचावून आत पाहिलं. "मम्मी, एम्प्टी कॅनॉट लाह! आजी सांगते ना, काहीतरी टाकायचं. गूळ टाक. राइस पण चालतो."

अंजलीनं मान फिरवली.

"आजी, थांब, मी तिकडून शुगरचं पॅकेट आणते—"

"नको बाळा." लीलाबाईंनी तिचा हात धरला. "एक सांगायचं राहिलं होतं. परत काही न्यायचं-आणायचं नसलं, की डबा रिकामा देतात."

"हे कुणी ठरवलं?"

"तुझ्या आईनं ठरवलं. बरोबर ठरवलं."

पुढच्या रांगेतून नागसेन मागं आला. आईचं ओझं घ्यायला त्यानं हात पुढं केला. लीलाबाईंनी त्याला पिशवी दिली, छत्री दिली. डबा दिला नाही. त्याचं झाकण त्यांनी स्वतःच घट्ट लावलं आणि तो छातीशी धरून त्या लेकाच्या मागं चालू लागल्या.